चिकाटीचे बुडीत खाते

आमच्या लहानपणी दिवाळी तोंडावर आली की घरात दोन निकाल एकदमच लागत. एक अनारशांचा आणि दुसरा सहामाही परीक्षेचा. अनारसा तुपात हसला तर आई पीठ सैल झाले म्हणून त्यात थोडी पिठी मिसळी आणि दुसरा घाणा काढी. माझे गणित सहामाहीत हसले तर मात्र तशी काही सोय नसे. वडील प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी चष्म्याच्या वरून एकदा माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "अजून वार्षिक बाकी आहे. नेट लाव." हा 'नेट लाव'चा मंत्र मी त्यांच्याकडून घेतला, माझ्या मुलांना दिला आणि एका पुतण्याच्या बाबतीत तर त्याचा अतिरेक केला. त्या अतिरेकाची कबुली दिल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणतो. पण कबुली जरा मागाहून. आधी भांडण.

भांडणाला निमित्त दोन घडली. पहिले घरातलेच. माझी सून एका संगणकाच्या कंपनीत काम करते. तिच्या कचेरीचे वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणून सप्टेंबरअखेर त्यांची सहामाही भरते आणि ऑक्टोबरात प्रत्येकाला एक तक्ता भरून द्यावा लागतो. परवा रात्री जेवणे झाल्यावर ती तो तक्ता घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा थेट माझ्या चौथीतल्या चेहऱ्यासारखा झाला होता. मी चौकशी केली. एप्रिलमध्ये कोणती ध्येये ठरविली होती, त्यांतली किती टक्के पुरी झाली, उरलेली मार्चअखेर कशी पुरी करणार, आणि शिवाय स्वतःच्या उन्नतीसाठी काय करणार, असे रकाने होते. मी विचारले, "यातले एखादे ध्येय मुळातच चुकीचे होते असे मधेच ध्यानात आले, तर ते कुठे लिहायचे?"

ती हसली. "बाबा, तसा रकाना नसतो."

दुसरे निमित्त नवरात्रातले. आमच्या सोसायटीच्या सभागृहात तरुणांसाठी एक व्याख्यान झाले. वर्ष निम्म्याहून अधिक सरले, तुमचे संकल्प कुठे आहेत, असा विषय. वक्ते मोठे तयारीचे. त्यांनी जाळे विणणारा कोळी सांगितला, विजेचा दिवा सांगितला आणि शेवटी सिंहगडाच्या कड्यावरची घोरपड सांगितली. घोरपडीसारखे चिकटा, नखे मोडली तरी सोडू नका, असे ते म्हणाले तेव्हा टाळ्यांनी सभागृह दणाणले. माझ्या शेजारी बसलेल्या एका अकरावीतल्या पोराने तेवढ्यात हळूच आपली नखे पाहिली.

मला उठून बोलायचे होते. पण सभेत उठून बोलण्याचे धैर्य मला सत्तरीतही आलेले नाही. म्हणून येथे लिहितो. त्या दंतकथेतली घोरपड कड्याला चिकटली हे खरे. पण दोर तिच्या कमरेला बांधलेला होता आणि वर जायचे होते ते दुसऱ्यांना. गड जिंकून घोरपडीला काय मिळाले, हे कोणत्याही कीर्तनकाराने मला आजवर सांगितलेले नाही. शिवाय दंतकथाच सांगते की ती आधी दोनदा परत फिरली होती. कदाचित त्या मुक्या जनावराला काही कळत असेल. तिला तिसऱ्यांदा वर कसे धाडले? परत आलीस तर कापून खाऊ, अशी धमकी देऊन! आमच्या घरांतून दर दिवाळीला पोरांना जे ऐकवले जाते ते याहून फारसे निराळे नसते; फक्त भाषा मवाळ असते आणि सोबत करंजी असते.

माझे म्हणणे सरळ सांगतो. सहामाहीला आपण एकच प्रश्न विचारतो : ठरवले होते त्यातले किती झाले? हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न असा, की जे ठरवले होते ते अजून ठरवण्याजोगे आहे काय? दुसऱ्या प्रश्नाला भिऊन आपण पहिल्याच्या मागे लपतो आणि त्या लपण्याला चिकाटी हे भारदस्त नाव देतो.

मी अडतीस वर्षे बँकेत काढली. १९७४ साली चिकटलो आणि २०१२ साली सुटलो. तेव्हा चिकटण्याविषयी मला अनुभव नाही असे कोणी म्हणू नये. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत बँकांची सहामाही ३० जून आणि ३१ डिसेंबरला भरे. त्या दिवशी दार लोकांसाठी बंद, आत मात्र रात्री उशिरापर्यंत व्याजाची आकडेमोड आणि साहेबांच्या खर्चाने बटाटेवडे. १९८९ नंतर वर्ष मार्चअखेरचे झाले आणि सहामाही ३० सप्टेंबरवर आली. वडे तेच राहिले.

या सहामाहीची एक गंमत बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. त्या काळी कर्जाचे व्याज हातात आले नाही तरी बहुधा ते आल्याचे धरून नफ्यात दाखवले जाई. गिरणी बंद पडलेली, यंत्रांवर गंज चढलेला, मालक गावातून नाहीसा; पण आमच्या खतावणीत ते खाते व्याज कमावते आहे! मग १९९१ साली नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि १९९२-९३ पासून नियम बदलले. व्याज ठरावीक मुदतीत हातात पडले नाही तर ते कर्ज आजारी धरायचे, त्याचे व्याज नफ्यात घ्यायचे नाही आणि उलट त्याच्यापोटी तरतूद बाजूला काढायची. मुदत पुढे कमी कमी होत गेली आणि २००४ च्या मार्चपासून ती ९० दिवसांवर आली. नियम आला त्या वर्षी अनेक बँकांचे नफे वाळूच्या किल्ल्यासारखे बसले. लोकांना वाटले बँका एकाएकी बुडाल्या. छे! बुडाल्या होत्या त्या आधीच. आता फक्त ते कागदावर आले होते.

नियम आल्यावर पळवाटही आली. आजारी खाते उघडकीस येऊ नये म्हणून त्याच माणसाला एक नवे कर्ज द्यायचे, त्यातून त्याने जुन्याचे व्याज भरायचे आणि दोन्ही खाती कागदावर हिरवीगार ठेवायची. हे कोण करतो? बहुतेक वेळा चोर करीत नाही. तोच शाखाधिकारी करतो ज्याने मूळ कर्ज मंजूर केले होते. आपला निर्णय चुकला हे कबूल करण्यापेक्षा आणखी पैसे घालणे माणसाला सोपे जाते. मी तपासणीच्या कामावर असताना अशी खाती पाहिली की मला मोठा राग येई. कचेरीत राग येई. घरी मी तेच करीत होतो.

आता कबुली.

माझा धाकटा भाऊ सांगली जिल्ह्यात, पलूसच्या बाजूला शेती करतो. थोडा ऊस आणि दोन एकर द्राक्ष. त्याचा मुलगा शेतकी विषयाचा पदवीधर झाला आणि जून २०१४ मध्ये राज्यसेवेच्या अभ्यासासाठी पुण्याला आला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. सदाशिव पेठेत एका खोलीत पाच जणांत एक खाट, मेसचा डबा आणि अभ्यासिकेत एक खुर्ची, एवढा त्याचा संसार. भाऊ पैसे पाठवी आणि दरमहा तीन हजार मी देई. घरातला पहिला अधिकारी आपल्या हातून घडतो आहे, ही ऐट मला त्या तीन हजारांत फार स्वस्त मिळाली.

पहिल्या दोन वर्षांत पूर्वपरीक्षाच निसटली. मी म्हटले, नेट लाव. तिसऱ्या वर्षी पूर्व निघाली, मुख्य थोडक्यात गेली. 'थोडक्यात' हा शब्द फार घातकी आहे. आजारी खात्यात अधूनमधून शंभर रुपये भरणाऱ्या कर्जदारासारखा तो अधिकाऱ्याला झुलवत ठेवतो. मधेच २०१६ साली राज्य सरकारने खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली, मागासवर्गीयांसाठी ४३ केली. पेठेत पेढे वाटले गेले. बँकेच्या भाषेत याला मुदतवाढ म्हणतात. त्या दिवशी कर्जदार नेहमीच पेढे वाटतो. मीही भावाला फोन करून म्हणालो, "पाच वर्षे वाढवून मिळाली!" मिळाली होती ती पाच वर्षे की गेली होती, याचा हिशोब मी मांडला नाही.

केंद्राच्या परीक्षेत खुल्या गटाला सहा संधी आणि वयाची बत्तीस वर्षे एवढीच मुभा आहे. पोरे त्या नियमाला शिव्या देतात. राज्यातही डिसेंबर २०२० मध्ये संधींवर मर्यादा जाहीर झाली होती, ती पुढे मागे घेतली गेली. मला विचाराल तर तो कठोर नियम अधिक दयाळू आहे. जे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगायचे आणि त्यांना सांगवत नाही, ते तो नियम सांगतो.

पुढे साथ आली. एप्रिल २०२० मध्ये व्हायची पूर्वपरीक्षा पुढे जात जात मार्च २०२१ वर आली, आणि तीही तोंडावर असताना पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. ती आठवड्याभराने झाली खरी; पण त्या एका वर्षात पोरांची पुस्तके तीच राहिली आणि वये वाढली. आमचा पोरगा तिशीला आला. त्याच्या बरोबरीच्या गावातल्या मुलांची मुले शाळेत जाऊ लागली. त्याच्यासाठी स्थळे येत आणि मुलीकडचे विचारीत, "निकाल कधी आहे?"

त्या वर्षीच्या भाऊबिजेला तो नेहमीप्रमाणे आमच्याकडे आला. माझ्या मुलीने त्याला ओवाळले. जेवणानंतर मी पान लावत बाल्कनीत बसलो होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काका, आता बास करू का?"

वाचकहो, एवढे चार शब्द बोलायला त्याला सात वर्षे लागली होती. अभ्यासिकेतल्या खुर्चीत बसून त्याने ते किती वेळा घोकले असतील, कोण जाणे. आणि मी पानाला चुना लावता लावता काय म्हणालो? "आता? एवढी वर्षे घातलीस, आणखी एक घाल." मी नवे कर्ज मंजूर केले. जुन्याचे व्याज भरण्यासाठी.

तो "बरं" म्हणाला. या 'बरं'चा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिचा मला अभिमान नाही. २०२३ च्या मे महिन्यात भावाचा फोन आला की पोराला आपल्या तालुक्यातल्या कोणीतरी नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागेत पाहिले. मी त्याच्या खोलीवर गेलो. खरे निघाले. डिसेंबरपासून तो अभ्यासिकेत जात नव्हता. ठिबक सिंचनाचे सामान विकणाऱ्या एका दुकानदाराकडे नोकरीला लागला होता. बागाबागांतून हिंडून नळ्या बसवून देत होता, खताचे प्रमाण सांगत होता. रात्री मात्र न चुकता आईला फोन करून आज काय वाचले ते सांगे. लोक नोकरी गेली हे घरापासून लपवतात. या पोराला नोकरी लागली हे लपवावे लागले! त्याने ट्रंकेतून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवले. आत अठरा हजार रुपये होते. म्हणाला, "सहा महिन्यांचे आहेत. खोटं बोलून घेतले होते, म्हणून खर्च केले नाहीत."

जून २०१४ पासूनचा सारा हिशोब माझ्या वहीत होता. एकशे आठ महिने, तीन लाख चोवीस हजार. त्या रकमेचे मला काहीच वाटले नाही. ते अठरा हजार मात्र अजून मोडवत नाहीत.

आता यावर चिकाटीचे कैवारी काय म्हणतात तेही मला पाठ आहे. म्हणतात, सहाव्या प्रयत्नात निवड झालेला अमुक नाही का? आहे ना! त्याचा सत्कार होतो, त्याला हार घालतात, त्याचे भाषण ठेवतात. पण सहाव्या प्रयत्नातही न झालेल्याला कोणी व्यासपीठावर बोलावले आहे काय? केंद्राच्या २०२३ सालच्या परीक्षेतून १०१६ नावांची शिफारस झाली. अर्ज करणारे दरसाल दहा लाखांच्या घरात असतात. राज्याच्या परीक्षेतही जागा शेकड्यांनी आणि अर्ज लाखांनी. उरलेल्या साऱ्यांत चिकाटी नव्हती, असे म्हणायला जीभ रेटेल काय? सदाशिव पेठेच्या कोणत्याही अभ्यासिकेत पहाटे सहाला जाऊन पाहा. चिकाटीचा दुष्काळ असलेला हा देश नव्हे. दुष्काळ आहे तो जागांचा. आणि बाहेर खासगीत पगार जेमतेम, शेतीला हमी नाही, शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, म्हणून पोरे त्या खुर्चीला धरून बसतात. हा गुंता पोराच्या नेटाने सुटणारा नाही हे ज्यांना कळते तेच त्याला नेटाचे व्याख्यान देतात, याचा मला संताप येतो.

दुसरे म्हणतात, तुम्ही पळपुटेपणा शिकवता. मी त्यांना गाडीत बसवून आमच्या गावी नेईन. पुण्याहून मिरजेकडे जाताना कराड, ताकारी सुटले की किर्लोस्करवाडी लागते. ज्यांच्या नावाने ते स्थानक उभे आहे त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आयुष्याची सुरुवात कशी केली? चित्रकार होण्यासाठी १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे ध्यानात आले की आपल्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. एखाद्या घोरपडपंथी माणसाने दहा वर्षे रंग घोकले असते. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली आणि यंत्रांचे आरेखन धरले. त्यात शिक्षक झाले, तेथे बढती डावलली गेली तेव्हा ती नोकरीही सोडली आणि बेळगावात सायकलींचे दुकान घातले. दोन सोडण्यांतून हा माणूस उभा राहिला.

पण थांबा, याच माणसाने पुढे लोखंडी नांगर केला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. तेव्हा मात्र ते हटले नाहीत. मग रंग का सोडले आणि नांगर का धरला? हा प्रश्न मी त्या मार्गावरून जाताना अनेकदा घोळवला आहे. मला सुचलेले उत्तर असे : डोळ्यांतला दोष किती कष्ट केले तरी बदलणार नव्हता, शेतकऱ्याचा समज बदलणार होता. नांगर शेतात चालताना दिसत होता, माती उलटताना दिसत होती, म्हणजे पैसा हाती येत नसला तरी खाते जिवंत होते. चिकाटी दोन्हीकडे सारखीच लागली असती. फरक खात्यात होता. १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी वसली ती केवळ न सोडण्याने नव्हे. योग्य वेळी सोडण्याने आणि मग न सोडण्याने.

आगरकरांनी केसरी सोडला नसता तर १८८८ साली सुधारक निघाला नसता. टिळकांनी स्वतः उभारलेल्या शिक्षणसंस्थेचा १८९० साली राजीनामा दिला. तेव्हाही त्यांना कोणी तरी म्हणालेच असेल, एवढी वर्षे घातलीत, आणखी एक घाला.

आणखी एक लबाडी आमच्या घरांत चालते. माझ्या पत्नीने मराठीत एम.ए.चे पहिले वर्ष पहिल्या वर्गात काढले होते. दुसऱ्या वर्षी थोरला झाला, मग माझी बदली, मग सासूबाईंचे दुखणे. ते दुसरे वर्ष राहिले ते राहिलेच. तिला कोणी "नेट लाव" म्हणाले नाही. बायकांनी सोडले की त्याला त्याग म्हणायचे आणि पोरांनी सोडले की पळपुटेपणा! दोन्ही वेळा त्यांना काय हवे होते हे न विचारण्याची आमची चिकाटी मात्र अढळ. (आणि मी? बँकेच्या सीएआयआयबी परीक्षेचा पहिला भाग उत्तीर्ण होऊन दुसऱ्या भागासाठी मी अकरा वर्षे फी भरली आणि एकदाही बसलो नाही. घरात कोणी चकार शब्द काढला नाही, कारण कमावता पुरुष फी भरतो तेव्हा तो अभ्यासच करतो असे धरतात.)

कोणी विचारील, मग सहामाहीला करायचे काय? मी बँकेतलाच मार्ग सांगतो, दुसरा मला येत नाही. जुने खाते समोर आले की आम्ही जाणती माणसे मनात एक प्रश्न विचारीत असू : हाच मनुष्य आज नव्याने दारात आला असता, मागची ओळख नाही, मागची देणी नाहीत, तर याला हे कर्ज आपण दिले असते काय? 'हो' असेल तर बिनघोर चालू द्या, व्याज थकले तरी धीर धरा. 'नाही' असेल तर मागे किती घातले हे पुढे घालण्याचे कारण होऊ शकत नाही. संगीताच्या क्लासला कंटाळलेली दहा वर्षांची नात असो, तोट्यातले दुकान वडिलांच्या नावासाठी ओढणारा मुलगा असो, की अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात रडकुंडीला आलेला भाचा असो; हा प्रश्न त्यांना विचारा, आणि उत्तर काय हवे आहे ते आपल्या चेहऱ्यावर दिसू न देता विचारा. हे दुसरे फार अवघड आहे. मला जमलेले नाही.

आणि बुडीत खात्यात टाकणे म्हणजे फेकून देणे नव्हे. बँकेत कर्ज निर्लेखित केले तरी वसुलीचा हक्क राहतो, आणि पुढे त्यातून जे येते ते थेट नफ्यात जमा होते. पोराच्या नऊ वर्षांचे तेच झाले. जमिनीचे कायदे, पाणीवाटप, सरकारी योजनांचे कागद हे सारे त्याला तोंडपाठ. आज तो गावी परत गेला आहे, घरची बाग सांभाळतो आणि आसपासच्या बागाईतदारांना सल्ला देतो. अनुदानाचा अर्ज अडला की लोक त्याच्याकडे येतात. मात्र भाऊ अजून पाहुण्यांना सांगताना म्हणतो, "थोडक्यात गेलं हो पोराचं." मी भावाला किती वेळा समजावले! आमच्या पिढीची खाती सहजी बंद होत नाहीत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी गावी होतो. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा करतात हे मी जन्मापासून ऐकत आलो, पण नीट पाहिली ती तेव्हा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यात वेल इतका खरडतात की बाग मेली असे वाटावे. मग सहा महिने जी काडी वाढते, तीच ऑक्टोबरात पुन्हा छाटायची, गोडी छाटणी म्हणतात तिला. फळ हवे तर ही छाटणी हवी. पोरगा कात्री घेऊन पुढे आणि मी मागे. चांगली हातभर वाढलेली हिरवी काडी तो कचकन उडवी आणि मला कसेसेच होई. एकदा न राहवून मी म्हणालो, "अरे, ती जोमात होती की!"

"जोमात आहे, पण डोळ्यात घड नाही," तो म्हणाला. त्याने मला छाटलेला डोळा चिरून दाखवला. मला त्यात काही दिसले नाही. त्याला दिसत होते.

यंदा भाऊबिजेला तो येणार आहे. येताना बागाईतदारांच्या कुठल्याशा बैठकीसाठी एक दिवस पुण्यात थांबणार आहे. पत्नीने मला आतापासूनच बजावून ठेवले आहे की त्याला पुढे काय ठरवले आहेस, किती झाले, असले काही एक विचारायचे नाही. मी म्हणालो, "मग बोलू तरी काय त्याच्याशी?" ती म्हणाली, "छाटणीवर पाऊस पडला का ते विचारा. डावणी आली का विचारा. त्याला त्यातलं सांगायला आवडतं."

डावणी म्हणजे काय ते मी काल तिच्याकडूनच समजून घेतले आणि वहीत लिहून ठेवले आहे.